वळणाची चौकशी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला तर मुळीच नाही — का, ते कळेलच तुम्हाला.

ऐंशी साल नुकतंच उलटलेलं. सिंदेवाहीजवळच्या एका गावात मी मराठी शिकवायचे. 'वळण' हा माझा आवडता शब्द. संस्कृतातला 'वल्' धातू, म्हणजे फिरणं, वाकणं. त्यातून आपलं वळणं आलं. रस्ता वळतो, दोरी वळतात, लाडू वळतात, गुराखी गुरं वळतो. अक्षराला वळण असतं, पोरांना वळण लावावं लागतं. हे सगळं फळ्यावर लिहून मी मोठ्या तोऱ्यात वर्गाकडे बघायचे. काय कळत होतं मला त्यातलं?

शेवंता माझ्याच हाताखाली शिकून दहावी झाली. सालस, कामसू पोर. तिची आई माझी शेजारीण. घरात काही चांगलं केलं की वाटीभर माझ्याकडे यायचंच. शेवंताला ब्रह्मपुरीचं स्थळ आलं — मुलगा मास्तर, निर्व्यसनी. मुलगी बघायला येण्याआधी आमच्याकडे गावात चौकशी करतात, आणि ती शाळेतल्या बाईंकडे हमखास. मुलाचे वडील माझ्याकडे आले.

"पोरीले वळण कसं हाये, बाई?"

आता इथे — सांगते. माझी धाकटी बहीण तेव्हा लग्नाची होती. आम्ही आणि मुलाकडचे एकाच समाजाचे. असा मुलगा आम्हालाही हवाच होता. मी म्हटलं, "हुशार आहे हो. पण वळणाचं म्हणाल तर..." आणि थांबले. चहा ढवळत बसले. खोटं तर मी काही बोलले नाही, असं किती वर्षं स्वतःला बजावलं! पण त्या थांबण्याहून मोठं खोटं कोणतं?

ते शेवंताच्या घरी गेलेच नाहीत. पुढे माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिथे शब्द टाकला, आणि माझ्या बहिणीचं त्याच मुलाशी लग्न झालं. ती सुखात आहे.

शेवंताबद्दल मात्र कुजबुज सुरू झाली. दुसरं स्थळ येईना. शेवटी गडचिरोलीपलीकडच्या एका दारुड्या बिजवराला दिली. तो मारतो, हे माझ्या कानावर येत होतं — मी काय केलं? पहिल्याच बाळंतपणात ती गेली. दवाखाना लांब, आणि नवरा पिऊन पडलेला. गाडी जुंपायला कोणी नव्हतं.

तिची आई माझ्याच गळ्यात पडून रडली. "तुमी तिले किती जीव लावला होता, बाई!"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि — ते ऐकून मला बरं वाटलं.