आमची थोरली

दिवस राहण्याच्या आधीपासूनच मी तयारीला लागले होते. थायरॉईड तपासून घेतलं, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या, सकाळी चालायला जाऊ लागले. आम्ही तेव्हा वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा कारखान्यात नोकरीला आणि मी शाळेत शिक्षिका. सासू-सासरे जवळच शेळगावला, शेतावर.

पहिलं बाळंतपण माहेरी, सुप्यालाच व्हायचं, असा आईचा हट्ट होता. मी मधला मार्ग काढला. बाळंतपण बारामतीच्या दवाखान्यात आणि मग दोन महिने सुप्याला. आणि होता होईतो सिझर नको. शाळेतल्या बहुतेक जणींचं सिझर झालेलं, मला मात्र कळा सोसून बाळ हवं होतं. तसं मी सगळ्यांना ऐकवायचेसुद्धा. आईनं जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली.

आठव्या महिन्यात एका सकाळी बाळ हललं नाही. गूळ खाल्ला, कुशीवर पडून राहिले. काहीच नाही. नवऱ्यानं शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. वाटेत शेळगावहून सासूबाईंना बरोबर घेतलं. ऊसतोडीचे दिवस होते. प्रत्येक ट्रॉलीमागं गाडी अडकली की मी पोट हातांनी हलवून बघायचे.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर बराच वेळ फिरवलं. मग स्क्रीन स्वतःकडं वळवून घेतला.

"ठोके मिळत नाहीयेत गं," त्या म्हणाल्या.

"यंत्र बिघडलंय का?" मी विचारलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, तेव्हा मला कळलं.

सुप्याहून आई येईपर्यंत नवरा डॉक्टरांना एकच विनवत होता, "हिला आता त्रास नको. सिझर करून मोकळं करा." आईचंही तेच म्हणणं. डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. औषध देऊन कळा आणता येतील, वेळ लागेल, पण पोटावर टाके नसतील आणि पुढच्या वेळेला ते बरं पडेल. पुढची वेळ हा शब्द मला तेव्हा शिवीसारखा लागला. तरी मी कळाच निवडल्या. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिच्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं, असं काहीतरी वाटलं असावं.

शेजारच्या खोलीत दुसऱ्या कोणाचं तरी बाळ रडलं. माझं झालं तेव्हा खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता.

नर्सनं विचारलं, "मुलगी आहे. बघायचंय का?"

"नको गं बाई, जन्मभर डोळ्यांपुढनं जायचं न्हाय," आई म्हणाली.

मी हात पुढं केले. पोटातली ऊब अजून तिच्या अंगाला होती. डोक्यावर दाट जावळ, आणि नाक थेट नवऱ्याचं. तो भिंतीला टेकून उभा होता. खूप वेळानं जवळ आला आणि एका बोटानं तिच्या तळव्याला शिवला. सासूबाई दारात उभ्या राहून टक लावून बघत होत्या. सासरे आले तेव्हा नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून त्यांच्याकडं दिलं. नवरा त्यांच्याबरोबर गेला. कुठं, ते मी विचारलं नाही.

सुप्याला न जाता आम्ही शेळगावला आलो आणि मला दूध आलं. त्याची तयारी कोणीच करून दिली नव्हती. ब्लाउज भिजायचा, छाती दगडासारखी झालेली. मी मोरीत उभी राहून रडत होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या आल्या, गार पाण्याची घडी ठेवली आणि वर मऊ पातळाची पट्टी गुंडाळली.

"जाईल. माजंबी गेलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझा नवरा त्यांचा पहिला मुलगा, एवढंच मला माहीत होतं.

"त्याच्या आदी एक झालता. मला दावलाबी न्हाय. कुठं पुरला ते मी इचारायचं न्हाय, आन कुणी सांगायचं न्हाय. तुज्या हातात पोर दिली तवा वाटलं, बरं झालं, हिनं बघून घेतलं."

संध्याकाळी आत्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिला जागा दाव. आजच."

सासऱ्यांनी कुरकुर केली, ओल्या बाळंतिणीनं शिवारात जायचं नसतं म्हणून. आत्यांनी चपला घातल्या. "मीबी येती," म्हणाल्या. सासरेही मुकाट्यानं मागं आले.

उसाच्या कडेला, बांधावरच्या लिंबाखाली मातीवर मोठा दगड ठेवलेला होता. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून, नवऱ्यानं सांगितलं. मी खाली बसले आणि दगडावर हात ठेवला. उन्हानं तो अजून तापलेलाच होता.

थोड्या वेळानं आत्यांनी सासऱ्यांना विचारलं, "आन आपला?"

सासरे उसाकडं बघत राहिले. मग हातानं लांबवर, विहिरीच्या अंगाला दाखवलं. "तिकडं व्हता. नंतर तितनं पाइपलाइन गेली. आता नेमकं न्हाय सांगता यायचं."

आत्या तिकडं चालत गेल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन उसाच्या कडेकडेनं जाऊन उभ्या राहिल्या. अंधार पडायला लागला तेव्हा नवरा त्यांना आणायला गेला.

पुढं काही वर्षांनी मला मुलगा झाला. त्या खेपेला बाळासाठी आम्ही काहीही आणून ठेवलं नाही, नॉर्मल हा शब्दसुद्धा काढला नाही. डॉक्टरबाईंनी सिझर म्हटलं, मी हो म्हटलं. तो रडला आणि भूल उतरेपर्यंत मी सारखी नर्सला विचारत होते, रडतोय ना अजून?

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "पहिलंच का?"

आत्या म्हणाल्या, "दुसरं. थोरली लेक हाय."

"अगं बाई! केवढीये?"

आत्यांनी बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं आणि मग तांब्या घेऊन पाणी आणायला निघून गेल्या. त्या बाई माझ्याकडं बघत होत्या, उत्तराची वाट बघत.