हळदीला शिकवलेला पहिला शब्द

चहा घ्या, अन् एका मास्तराची फजिती ऐका. साऱ्या कुरुंद्याला ठाऊक हाय, तुमालाच तेवढी सांगायची राहिली. सांगतानाबी लाज वाटते हो, पण आता लपवून तरी काय करू?

तर ही आमची हळदी. कुत्री. आई गावठी, बाप कोण्या बंगल्यातला अल्सेशियन असावा. एक कान उभा, एक पडका. गाडीचा धक्का लागून रस्त्यात पडली होती, मी उचलून घरी आणली. पायाला ही मोठी जखम! डॉक्टर म्हणले, "सर, खाण्यातून गोळ्या पोटात गेल्याच पायजेत. न्हाई तर पाय कापावा लागंल."

पण खाईल तर ना! माणूस दिसला की ही हळद शिजवायच्या कढईमागं. भाकरीला तोंड लावंना, दुधाला लावंना. दोन दिवस नुसत्या पाण्यावर.

"आवं, हाड द्या की तिला," बायको म्हणली. "हाडाला कोणतं कुत्रं न्हाई म्हणतं?"

आली का पंचाईत! माझ्या गळ्यात माळ. जन्मात कधी मटणाच्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. पण जनावराचा पाय जाऊन राहिला, तिथं माळेचं काय घेऊन बसता? गेलो. दुकानवाल्या सलीमभाईंनी एकदा माळेकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं, अन् गुमान नळीची हाडं बांधून दिली.

घरी येऊन नळीत गोळी दाबली, अन् शिकवायला बसलो. व्हय, शिकवायला! पहिलीच्या लेकराला आंबा दाखवायचा अन् मोठ्यानं म्हणायचं, आंबा! तसंच हाड वर धरलं अन् खणखणीत आवाजात म्हणलो, "हळदी! हाड!"

जी पळाली म्हणता! तीन पायांवर, थेट गोठ्यात.

मला वाटलं, हिला कमी ऐकू येत असंल. मग अजून जवळ गेलो. "हाड! हाड!" ती भिंतीला चिकटून थरथर कापायली. मी अजून लाडानं, "हाड गं माझी बाई, हाड!" दुसऱ्या दिवशी तर मला बघूनच तिला मूत सुटायलं. बायको पदरानं डोळे पुसायली. माझाबी जीव तुटत होता हो.

तिसऱ्या दिवशी सलीमभाई स्वतःच ताजी हाडं घेऊन आले. अन् दारातच थबकले. आत माझा पाठ चालूच. "हळदी, हाड! हाड!"

"सर," ते हळूच म्हणले, "उसकू खिला रहे, के भगा रहे?"

"खिला रहा हूँ, भाई! दिखता नहीं?"

"फिर हाड हाड काहे कू करते? कुत्ते कू हाड बोले तो क्या, मालूम नै तुमकू?"

माझ्या हातातलं गोळी दाबलेलं हाड मी त्यांच्याकडं दिलं.

सलीमभाईंनी हाड जमिनीवर ठेवलं, पाठ फिरवली, अन् ओठांवर बोट ठेवून मलाबी गप बसवलं. बऱ्याच वेळानं पाठीमागं कडकड आवाज आला. हाड गेलं, गोळी गेली. पाय वाचला तिचा.

तुमी हसून राहिले, हसा. मला त्या दिवशी हसू आलं न्हाई. जन्मल्यापासून दारोदार तिनं तेवढा एकच शब्द ऐकला असंल. पण साऱ्या गावानं मिळून तिला जेवढ्या बार हाड म्हणलं नसंल, तेवढ्या बार मी एकट्यानं तीन दिवसांत म्हणलो. अन् तेबी, 'माझी बाई' म्हणून!