मोहाखालची झाडलेली जागा

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय माझं.

मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलात गाईड आहे. आज पहाटे पोचलो, तर कॅम्पिंगवाल्यांनी थेट मोहाखाली तंबू ठोकलेले. तेवढ्यात गावातल्या सुमनबाई टोपली घेऊन फुलं वेचायला आल्या. ते झाड पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचं. फुलं मातीत मळू नयेत म्हणून खालची जागा त्यांनीच झाडून ठेवलेली. आता निम्मी फुलं बुटांखाली चिरडलेली.

"इथी काऊन झोपले जी?" बाईंनी विचारलं.

"जागा एकदम स्वच्छ होती, वाटलं आमच्यासाठीच केलीय," एक पाहुणा म्हणाला. माफी नाही, वर बाईंसोबत सेल्फी हवी.

भर जंगलात झाडू कोण मारून गेलं, हा प्रश्न एकालाही पडला नाही. तुम्हाला पडला असता का?