अबेनाच्या बैठकीतली माझी खिडकी

मूर्खपणापासूनच सुरुवात करते, कारण अबेनाची आणि माझी खरी ओळख त्यातूनच झाली. दहा वर्षांपूर्वी, अवघ्या साठाव्या वर्षी, म्हणजे अक्कल यायच्या बरंच आधी, मी एका बाळंतिणीला अळिवाचे लाडू देऊन गप्प केलं. चांगले चार आठवडे गप्प.

अबेना जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायची. इस्पितळात नर्स होती. जिना पुसायची पाळी एक आठवडा तिची, एक आठवडा माझी. मी पायऱ्यांच्या कडा तशाच सोडते, हे तिनं पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगितलं. मीही कमी नव्हते. "तू मूळची कुठली?" असं विचारून बसले. "एसेनची," म्हणजे इथल्याच शेजारच्या शहराची, ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आईवडील घानाहून आलेले, हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. हाच प्रश्न मला बसमध्ये कुणी विचारला की मी घरी येऊन सुनेपुढे तासभर तणतणायचे, ते जाऊ द्या.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी ती चर्चच्या सभागृहात कृष्णवर्णीय बायकांची बैठक भरवायची. आधी रक्तदाब, गुडघे, गर्भाशयातल्या गाठी, आणि मग न येणारी झोप, उगाच येणारं रडू... डॉक्टरांपुढे मांडलं की "तुम्ही तर चांगल्या भक्कम दिसता" असं उत्तर मिळायचं, ते सगळं. बैठक त्यांची होती. मला बोलावलं होतं ते चहा करायला. स्वयंपाकघरातून सभागृहात ताटं सरकवायला एक खिडकी होती. "खिडकी उघडी, तोंड बंद," अबेनानं बजावलं होतं.

त्या शनिवारी मिरियम पहिल्यांदा आली. बाळ दोन महिन्यांचं. तिला नुसतं यायला राजी करण्यात अबेनाचे कित्येक आठवडे गेले होते. पोरगी हळूहळू बोलत होती. प्रसूतीत दुखणं सोसवेना म्हणून औषध मागितलं, तर कुणी मनावर घेतलं नाही. आता बाळ रडलं तरी उचलावंसं वाटत नाही. कधीकधी बाल्कनीत उभी राहते आणि... इथं ती थांबली. सगळ्या जणी थांबल्या. तेवढ्यात मी लाडवांचा डबा घेऊन खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "अगं, सगळ्यांनाच होतं असं! रोज दोन लाडू खा. तू तर कशी धट्टीकट्टी आहेस. आमच्या पोरी असत्या ना, केव्हाच कोलमडल्या असत्या!" मला वाटलं, मी कौतुक केलं. सोसणाऱ्या बाईची पाठ आमच्याकडे अशीच तर थोपटतात. माझीही तशीच थोपटली होती, आणि मी त्यावर खूशही झाले होते. मिरियमनं एक लाडू घेतला, "डांके" म्हणून आभार मानले, बाळाला गाडीत ठेवलं आणि निघून गेली.

भांडी विसळताना मी म्हटलं, "मी काय वाईट बोलले गं?"

"ती भक्कम आहे म्हणालीस. प्रसूतीच्या खोलीतही तिला तेच सांगत होते." अबेनानं एक कप पुसून ठेवला. "ती पुढे काय बोलणार होती, ते आता कोण सांगणार?"

मिरियमनं फोन उचलणं बंद केलं. तिची आई राहायला आली होती, म्हणून निदान घरात कुणीतरी होतं. अबेना कामावरून सुटली की तिच्या दाराबाहेर जिन्यात जाऊन बसायची. "तिथं बसून बोलतेस काय?" मी विचारलं. "काही नाही. मी आलेय एवढं सांगते आणि मोजे विणते." चौथ्या आठवड्यात दार उघडलं. अबेना तिला डॉक्टरकडे घेऊन गेली, शेजारच्या खुर्चीत बसली आणि औषधोपचार सुरू झाल्याशिवाय उठली नाही. मोजे, जाता जाता सांगते, भयंकर झाले होते.

मला तिनं हाकललं नाही, हे तिचं मोठेपण म्हणावं की चहाची सोय, कोण जाणे. उलट पुढे बढती दिली. डॉक्टरांशी कसं बोलायचं याची बैठकीत तालीम चालायची. अबेना उर्मट डॉक्टर व्हायची, मी त्याची स्वागतिका. "जा, जा, पुढच्या महिन्यात या," असं मी नाक उडवून म्हणायचे, आणि समोरच्या बाईनं जागचं हलायचं नाही. "तपासणी नाकारली, असं माझ्या फाइलमध्ये लिहून द्या," असं म्हणायचं. गुण दिले असते तर मी पहिली आले असते.

अशी बरीच वर्षं गेली, मग अबेनाचंच पोट दुखायला लागलं. दोघा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्याला तिनं तपासणी करायला लावली. कॅन्सर स्वादुपिंडात होता आणि पसरलेला होता. लवकर कळलं असतं तर वाचली असती का, मला माहीत नाही. तिनंही त्यावर भाषण दिलं नाही. शेवटच्या भेटीत तिनं मला विचारलं, "माझ्या पाळीचा जिना पुसलास?" पुसला, म्हटलं. "कडा?" मी सरळ खोटं बोलले. ती हसली, म्हणजे तिला कळलं. चार दिवसांनी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. आज त्याला सहा आठवडे झाले.

गेल्या शनिवारी तिच्याशिवाय पहिली बैठक झाली. मिरियमनं घेतली. तिचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि ती मला ओमा, म्हणजे आजी, म्हणते. बायका निघून गेल्यावर ती आत आली आणि कप पुसायला लागली. दहा वर्षं ही मुलगी माझ्याशी हसून बोलत आली, आणि मी एकदाही माफी मागितली नव्हती. वाटायचं, विसरली असेल. खरं तर तिनं विसरावं, यात माझीच सोय होती. मी हात पुसले आणि म्हटलं, "मिरियम, त्या दिवशी माझं चुकलं. मी मध्ये तोंड घातलं नसतं, तर तू पुढे काय सांगणार होतीस?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही, आणि माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, ते ओळखणाऱ्यांनी ओळखावं. मग ती म्हणाली, "ते मी अबेनाला सांगितलं होतं, ओमा, आणि एकदा सांगणं पुरे झालं. पण आज तू विचारलंस आणि गप्प राहिलीस. एवढं तेव्हा केलं असतंस, तर तिला चार आठवडे माझ्या जिन्यात बसावं लागलं नसतं."