कुकरमधलं आभाळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पाण्याला इतका भिणारा माणूस पुन्हा होणे नाही. आणि आमच्या नगर जिल्ह्यात पाण्याखाली फोटो काढायची मोहीम काढली ती नेमकी याच माणसाने. हे माझे साडू, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. नेवाशाला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गावाला प्रवरेसारखी नदी लाभलेली, पण साडू पुलावरून एसटी जाताना डोळे मिटून घेत आणि पलीकडे गेल्यावर शेजाऱ्याला विचारत, "झाला का?" आंघोळीला बादलीही अर्धीच घेत. भरलेल्या बादलीचा भरवसा नाही म्हणत.

त्यांचा दुसरा जीव म्हणजे कॅमेरा. एकच होता, आणि वैशाखातली सगळी लग्नं त्या एकाच्या जिवावर होती. एसटीत त्याला मांडीवर घेऊन बसत आणि खड्डा आला की आपण उडत, पण त्याला उडू देत नसत. मंगलाष्टकं सुरू झाली की कॅमेऱ्यावर रुमाल धरत आणि अक्षता स्वतःच्या डोक्यावर झेलत. घरात नियम एकच. कॅमेऱ्याला हात लावायचा तर हात धुवायचे, धुतलेले हात पुसायचे, पुसलेले हात वाळवायचे, आणि मग लावायचा नाही.

अशा माणसाच्या पदरी पडली ती थोरली मेव्हणी, आमची अक्का, मिरजगावची पट्टीची पोहणारी. माहेरच्या विहिरीत ती मोटेचं पाणी ओततात त्या थारोळ्यावरून सूर मारायची, तेव्हा पैज लावलेली पोरं गुपचूप कपडे घालून घरी जायची. लग्नानंतर पोहणं सुटलं. पण कधी रंगात आली की सांगायची, "तळाला जाऊन उताणं व्हायचं. वर गोल आभाळ दिसतं, ताटाएवढं. तेवढं आपलं एकटीचं असतं." साडू नुसते ऐकत. त्यांनी ते आभाळ कधी पाहिलं नव्हतं आणि पाहण्याची शक्यताही नव्हती.

नव्वदीच्या त्या वर्षांत गावोगाव बोअर झाल्या. आमच्या मेहुण्याने, म्हणजे अक्काच्या भावानेही घेतली आणि निरोप धाडला की जुनी विहीर बुजवून तिथं रस्त्याच्या कडेला हॉटेल टाकतोय. अक्का निरोप ऐकून स्वयंपाकाला लागली. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, एवढंच. तिसऱ्या दिवशी साडूंनी जाहीर केलं, "बुजायच्या आत ते आभाळ कॅमेऱ्यात आलं पाहिजे."

पाण्याखाली कॅमेरा न्यायच्या पेट्या मिळतात, हे त्यांनी एका परदेशी मासिकात पाहिलं होतं. एसटीडी बूथवरून पुण्याच्या दुकानात किंमत विचारली. फोन ठेवून त्यांनी बूथवाल्याचे पैसे मोजले. मग म्हणाले, "मी कॅमेऱ्याला डबा विचारला होता, बंगला नाही."

मग सुरू झाली डब्याची निवड. मुलीला स्थळ बघताना एवढी चौकशी होत नाही. परीक्षा अशी, की डब्यात कॅमेऱ्याऐवजी उडदाचा पापड ठेवायचा, डबा हौदात दोन्ही हातांनी दाबून धरायचा, काढायचा आणि पापड मोडून बघायचा. कट्कन मोडला तर डबा पास. लोणच्याची बरणी नापास झाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा नापास झाला, शेकायची रबरी पिशवी तर पापड आत घालतानाच फाटली. शेवटी नजर अक्काच्या कुकरवर गेली. झाकण आतून बसणारा कुकर की बाहेरून बसणारा, यावर त्यांनी मला जेवताना व्याख्यान दिलं. "आतल्या झाकणाला वाफ दाबून बसवते. पाणी ते उलटं आत ढकलेल. आपल्याला बाहेरचंच पाहिजे." कुकरचं बूड कापून तिथं जाड काच बसवली. शिटीच्या भोकातून शटर दाबायची लांब केबल काढली, तिच्याभोवती पंपाला भरतात ती ग्रीसची दोरी ठासली. पापड कडकडीत निघाला.

अक्का म्हणाली, "आणि मी डाळ कशात शिजवू? स्टुडिओत?"

आम्ही सगळे मिरजगावला विहिरीवर जमलो. उतरणार अर्थातच अक्का. साडूंनी तिचे हात स्वतः पुसले आणि जन्मात पहिल्यांदा कॅमेरा तिच्या हवाली केला, कुकरात का होईना. कासोटा मारून ती पाण्यात शिरली, कुकर खाली दाबला आणि बुडी मारली. अक्का गेली खाली. कुकर हातातून निसटून वर आला आणि बदकासारखा तरंगू लागला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. साडूंचा चेहरा बघवेना.

मेहुणा काठावर उकिडवा बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, बारकेपनी आमच्या पाठीला असाच झाकन लावल्याला डबा बांधायचे. बुडू न्हाई म्हनून."

त्या काठावर साडू सोडून प्रत्येक जण तसलाच डबा पाठीला बांधून पोहायला शिकला होता. महिनाभर पापड खाताना हे एकालाही आठवलं नव्हतं. अक्का तर पाण्यात हसून हसून नाकात पाणी गेल्यामुळे ठसकत होती.

मेहुण्याने धान्याच्या काट्यावरचं पाच किलोचं वजन आणून कुकरला आवळलं. आता तो बुडाला, आणि त्याला छातीशी धरून अक्काही. पाणी हललं, थिरावलं. ती वर येईना. वजनानं ओढली की काय, असं माझ्याही मनात आलं. मेहुण्याने सदरा काढला. तेवढ्यात साडू, जे विहिरीपासून चार हात लांब उभे राहत, ते थेट काठावर जाऊन ओणवे झाले आणि पाण्यात ओरडले. काय ओरडले ते शेवटी सांगतो.

पुढच्याच क्षणी अक्का वर आली. "पाणी हालत हुतं, आभाळ फुटत हुतं," ती धापा टाकत म्हणाली. माहेरच्या विहिरीत उतरल्यावर तिची बोलीही माहेरची झाली होती. "निवायची वाट बघत हुते." कुकर उघडला. कॅमेरा कोरडा ठणठणीत. साडूंनी मात्र त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते अक्काचं डोकं पुसत होते, कॅमेऱ्याच्या रुमालाने.

विहीर बुजली. त्या जागी आता ट्रकवाले चहा पितात. अक्का पुन्हा पाण्यात उतरली नाही. फोटो मात्र स्टुडिओत लागला. काळ्या कडेत ताटाएवढं उजळ आभाळ, आणि त्या आभाळात काठावरून वाकलेला, तोंड उघडं पडलेला एक माणूस. गिऱ्हाईक विचारायचं, "हे जांभई देतायत का?" साडू म्हणायचे, "हो, फार वेळ लावला हिनं." अक्का आत पापड तळत असायची. फोटोतून आवाज येत नाही, म्हणून त्यांचं निभावलं. पण आम्ही काठावर होतो, आम्ही ऐकलंय. ज्याने जन्मभर त्या कॅमेऱ्यावर स्वतःच्या जिवाची सावली धरली, तो माणूस विहिरीत वाकून ओरडला होता, "अगं, मरू दे तो कॅमेरा, सोड तिथंच, तू वर ये आधी."