एकमताने मंजूर

देगलूर तालुक्यातल्या त्या गावात कॅथलिक घरं अकराच. रत्नम्मा त्यांतल्याच एका घरची. गावातल्या बायांची झंपरं ती शिवायची, आणि त्या ओळखीवरच ग्रामपंचायतीत निवडून आली. मतं मागताना तिनं धर्म लपवला नव्हता, पण आपणहून सांगितलाही नव्हता.

मार्चच्या मासिक सभेत विषय निघाला, ओढ्याकाठची मोकळी जागा सभामंडपाला द्यायची. त्या अकरा घरांची माणसं तीन पिढ्या तिथंच पुरलेली. रत्नम्माची सासूसुद्धा. मात्र वर ना क्रूस ना दगड, कागदोपत्रीही कुठंच नोंद नव्हती. सरपंच मृत्युंजय तसा सरळ माणूस. त्यानं विचारलं, "तिथं कुणाचं काई हाय का? असंल तर आत्ताच सांगा."

शब्द रत्नम्माच्या ओठांवर आला होता. पण आत्ता बोललो तर उद्यापासून आपण या सगळ्यांतल्या राहणार नाही, असं तिला वाटून गेलं. बाकीच्यांचे हात वर झाले, तसा तिचाही झाला.

रविवारी प्रार्थनेला सगळे संगप्पाच्या ओसरीवर जमले. पोरांना प्रार्थना शिकवता शिकवता हा संगप्पा म्हातारा झालेला. शुभवर्तमान वाचायला त्यानं नेहमीसारखं रत्नम्मालाच सांगितलं. तिच्यानं पुस्तक उघडवेना.

"मामा, मीबी हात वर केला."

"ठाऊक हाय," संगप्पा म्हणाला. "वाच."

तिनं वाचलं. काय वाचलं ते तिला कळलं नाही.

पुढं नांदेडहून फादर मिस्साच्या प्रार्थनेला आले, तेव्हा तिनं पापस्वीकार केला. क्षमा मिळाली, पण जिथं गप्प बसलीस तिथं तुला बोलावं लागंल, असं फादर म्हणाले. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ती सगळ्या गावासमोर उभी राहिली. त्या जागेत माझी सासू हाय, माहीत असून मी बोलले न्हाई, असं तिनं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. मृत्युंजयनं मान खाली घातली.

"तवाच का न्हाई सांगितलं, अक्का?" त्यानं विचारलं.

 तोवर पाया खणून झाला होता. उरलेल्या अर्ध्या जागेला पंचायतीनं तारेचं कुंपण घालून दिलं. सासूची माती कुंपणात राहिली. संगप्पाच्या बायकोची मंडपाच्या पायाखाली गेली.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी सगळ्यांनी आपापल्या मातीवर मेणबत्त्या लावल्या. संगप्पानं अंदाजानं मंडपाच्या भिंतीशी लावली. वाऱ्यानं ती दोनदा विझली. जाऊन आडोसा धरावा, असं रत्नम्माला फार वाटलं, पण तिचं पाऊल उचललं नाही.