शाळेतला थथा

"जीभ दाताला लाव, मग बोल," असं म्हणून बाई स्वतःचं तोंड उघडायच्या आणि वरच्या दातांवर बोट ठेवून दाखवायच्या. लगेच पहिलीची बत्तीस पोरं तोंडं उघडून दातांवर बोटं ठेवायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, शाळेत दातांची तपासणी आली आहे. मग "त, थ, द, ध" असा आवाज उठायचा, तो थेट माझ्या खोलीत यायचा.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक. शाळा मराठी, सरकार कर्नाटकाचं, गाव हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडचं. बाई कायम नोकरीतल्या नव्हत्या, अतिथी शिक्षिका होत्या. दर जूनला अर्ज करायचा, नाव लागलं तर वर्षभर शिकवायचं. अकरा वर्षं त्या अतिथीच राहिल्या. इतके दिवस राहिलेल्या पाहुण्याला आपण घरची सगळी कामं सांगतो, तशी आम्ही त्यांना सांगायचो आणि त्या करायच्या. पण पहिलीचा वर्ग त्यांनी कुणाला दिला नाही. एकदा मी त्यांना चौथीवर घालून बघितलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच हार मानली.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, अख्ख्या गावाची अक्षरओळख जिच्या हातून झालेली असते.

आमच्याकडची पोरं घरात न्हाय, व्हय, गेलतो बोलणार. काहींच्या घरी तर कन्नडच. बाई कुणाला हसत नसत की चूक म्हणत नसत. "घरात न्हाय म्हणायचं, शाळेत नाही म्हणायचं, दोन्ही बरोबर," एवढंच सांगायच्या. पोरांना ते पटायचं. घरचे कपडे वेगळे, शाळेचे वेगळे, तसंच हे. मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण इतकं सोपं करून सांगणं मला जमलं नाही.

मग बाईंच्या हिरड्या सुजायला लागल्या. वरचे समोरचे चार दात हलू लागले. तोंडात लवंग धरून त्या शिकवायच्या. तालुक्याच्या दवाखान्यात दातांची खुर्ची होती, पण तिच्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. दातांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार असं फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि त्या दिवशी नेमकी त्यांची ड्युटी दुसरीकडं असायची. नर्स म्हणायची, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. पूर्वी इकडं भूत परतवायला दारावर "नाळे बा" लिहायचे. ते वाचून भूत माघारी जायचं म्हणे, रोज. बाई शाळेत येऊन सांगायच्या, "मी काय भूत हाय का, सर?" आणि आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

बेळगावच्या दातांच्या कॉलेजात शिकाऊ डॉक्टर स्वस्तात करतात, असं कळलं म्हणून त्या दोनदा जाऊन आल्या. आठ-दहा खेपा घालाव्या लागतील, असं तिथं सांगितलं. बायकांना बस फुकट, पण दिवस कुठून आणायचा? अतिथीला रजा मिळत नाही. कोल्हापूर जवळ म्हणून तिकडं गेल्या, तर फुकट उपचाराच्या योजनेसाठी महाराष्ट्राचं रेशन कार्ड मागितलं. खासगी डॉक्टरानं खर्च चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी त्यांनी कुणालाच दाखवली नाही.

त्याच वर्षी माझी दाढ दुखली. मी रजा टाकून बेळगावला गेलो, दाढ साफ करून वर टोपी बसवून घेतली आणि पैसे परत मिळायला बिलं खात्याकडं पाठवली. ती बिलं मी शाळेतच कागदाला चिकटवत बसलो होतो. भिंतीपलीकडं बाई लवंग धरून शिकवत होत्या. मनाला लागलं, नाही असं नाही. पण बिलं मी चिकटवलीच.

तालुक्याला एकदाचे डॉक्टर भेटले तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चारी दात एका सकाळी काढले, फुकट. नवे बसवायची सोय मात्र तिथं नव्हती. फुकट कवळीची योजना होती, ती म्हाताऱ्यांसाठी. बाई तेव्हा बेचाळिशीच्या. "म्हातारी हुईपत्तोर थांबा म्हणत्यात," त्या म्हणाल्या. दात गेल्यानंतरचे त्यांचे उच्चार तेवढे मी इथं दुरुस्त करून लिहितो आहे. त्यांना ते आवडलं असतं.

दात गेल्यापासून तोंडातली हवा पुढून निसटायची. स म्हणायला जावं तर थ व्हायचा. वर्गाबाहेर त्या मास्क लावायच्या. वर्गात काढायच्या, कारण तोंड दिसल्याशिवाय पहिलीच्या पोराला अक्षर कळत नाही.

दीडेक महिन्यानं एक पालक आले. तक्रार नव्हती, गंमत सांगायला आले होते. त्यांची पोरगी घरी अभ्यास करताना "थथा" म्हणाली. त्यांनी सांगितलं, ससा म्हण गं. तर ती त्यांनाच समजावायला लागली, "घरात ससा, अण्णा. शाळेत थथा."

ते हसले, मीही हसलो. वर बघतो तर दारात बाई हजेरीपट घेऊन उभ्या. त्या वळून वर्गात गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या एकेका पोराला उठवून फळ्यावरचा शब्द वाचायला लावत होत्या. प्रत्येक पोर मोठ्यानं, मन लावून थथा म्हणत होतं. त्यात चेष्टा नव्हती. बाई म्हणतात तेच शाळेतलं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर बाई माझ्याकडं आल्या. पहिली दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाल्या. मी म्हटलं, घाई करू नका, आम्ही सगळे वर्गणी काढतो, दात बसवू.

"वर्गणीचं नंतर बघा," त्या म्हणाल्या. "तवर पोरं काय करणार? त्यास्नी ह्याच वर्षी बोलायला शिकायचंय, सर."

मी त्यांना अडवलं नाही. वर्गणीही काढली नाही. आधी परीक्षा आल्या, मग सर्वेक्षणाची कामं, मग माझी निवृत्ती. कारणं सगळी खरी आहेत, पण त्यांनी काही भरून निघत नाही. पुढच्या जूनला बाईंचा अर्ज आलाच नाही.

गेल्या वर्षी निपाणीत एका तंबाखूच्या वखारीसमोरून जाताना कुणीतरी "सर" म्हणालं. जेवणाची सुट्टी संपत आली होती. बायका फाटकाजवळ उभ्या होत्या, धुळीसाठी सगळ्यांनी नाकातोंडाला फडकी बांधलेली. मी ओळखलंच नाही. बाईच पुढं आल्या. फडकं खाली केलं नाही.

"इथं बरं हाय," म्हणाल्या. "सगळ्यांचीच तोंडं बांधलेली असत्यात."

दातांचं विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच विचारलं, "ती पोरगी कितवीत हाय आता?" मी म्हटलं, चौथीत. परिपाठाला बातम्या वाचते.

"स नीट म्हणत्या न्हवं?"

"स्वच्छ म्हणते, बाई."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी खरंच ऐकून सांगतो आहे की त्यांच्या समाधानासाठी, ते ताडत असाव्यात. मग भोंगा झाला. "मग झालं तर," असं म्हणून त्या बाकीच्या बायकांबरोबर आत गेल्या. मागून बघताना त्यातल्या बाई कोणत्या, ते मला ओळखता येईना.